सूप, जाते, उखळ : वाक्प्रचारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

अधिवेशनाचे ‘सूप वाजले’ असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा ते वाचणाऱ्या शहरी घरांतून सूप बहुधा नाहीसे झालेले असते. वाक्प्रचार मात्र सगळ्यांना कळतो. घरातून गेलेल्या वस्तू भाषेत कशा राहिल्या, हे शोधणे हा या अभ्यासाचा विषय आहे. या वाटेला नव्याने येणाऱ्याने कोश उघडण्याआधी ती वस्तू हातात घ्यावी आणि ती चालवणाऱ्या बाईला काम करताना पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

सूपच घेऊ. या वाक्प्रचाराच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. धान्य पाखडून झाले की रिकामे सूप उलटे करून थापटतात, विणीत अडकलेला कोंडा झडावा म्हणून. तो आवाज ही काम संपल्याची खूण, ही पहिली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवतात, ही दुसरी. या चालीचा उल्लेख धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांतही आहे. दुसरी अधिक रंगतदार असल्याने लवकर पसरते. मला पहिली पटते. साहित्य संमेलनाचे सूप वाजते तेव्हा कोणाला हाकललेले नसते, कार्य आटोपलेले असते एवढेच. अलक्ष्मीच्या चालीतला हाकलण्याचा अर्थ या वाक्प्रचारात कुठेच उतरलेला नाही.

‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हणही दळणाऱ्या बाईच्या हालचालींतूनच उलगडते. निवडलेले धान्य सुपात, सूप जात्याशेजारी, आणि तिथून मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात. सुपातल्या दाण्याची पाळी पुढच्या मुठीला. तसेच ‘उखळ पांढरे होणे’. कांडायला भरपूर धान्य असेल त्याच घरचे उखळ पिठाने पांढरे राहते. आज हा प्रयोग आपण दुसऱ्याच्या, बहुधा वाममार्गाच्या, कमाईबद्दल करतो. मुळातली समृद्धी मागे पडली आणि संशय तेवढा चिकटला.

एक सावधगिरी हवी. ‘खल करणे’ हा वैद्याच्या खलातून आला. औषध जसे घोटघोटून बारीक करायचे, तसा विषय. ‘खलबत’ ऐकताच म्हणून खलबत्ता आठवतो, पण त्याचा स्वयंपाकघराशी काही संबंध नाही. तो अरबी ‘खल्वत’, म्हणजे एकांत, फारसीमार्गे मराठीत आला.

हा फरक कळायला छत्रपती संभाजीनगरसारखे शहर नाही. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम अनेक वर्षे इथूनच चालवले, त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली इथे प्रसिद्ध झाला, आणि मराठीवरील फारसीच्या प्रभावावरही त्यांनी पुस्तक लिहिले. 1958 साली इथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तिथे डॉ. प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला आयुष्य दिले. उर्दू, दखनी आणि मराठी एकाच गल्लीत बोलणाऱ्या या शहरात भांड्यांची आणि बोलण्याची देवघेव आजही कानांनी टिपता येते.

इंग्रजीतूनही सामान आले. ‘केर गालिच्याखाली सारणे’ आणि ‘लाल गालिचा अंथरणे’ हे प्रयोग तिकडचे. डॉ. आंबेडकर ज्या परिषदांना 1930 पासून लंडनला गेले, त्यांना आपण ‘गोलमेज’ म्हणतो. गालिचा आणि मेज हे शब्द फारसीच्या वाटेने आधीच घरात होते, म्हणून ही भाषांतरे परकी वाटली नाहीत.

साधने मोजकी पण भक्कम आहेत : मोल्सवर्थचा 1831 चा कोश आणि त्याची 1857 ची सुधारित आवृत्ती, मॅन्वेरिंगने 1899 साली ऑक्सफर्डहून काढलेला म्हणींचा संग्रह, आणि दाते-कर्वे यांचा दोन भागांतला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. गी पॉतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या ही वेगळीच खाण आहे. कोशांत अर्थ सापडतो. तो अर्थ कोणत्या कामातून आला, हे पुष्कळदा या ओव्यांत कळते.

हा केवळ जुन्या भांड्यांचा नाद नव्हे. ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे घर वाटले गेले, हे गावात सगळे जाणतात. भारताची जनगणनाही एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरते. चुलीपाशी गॅसची शेगडी आली तरी ही मोजणी बदललेली नाही.

जाते ओढलेल्या, उखळात कांडलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या पुढे आहेत. वाचकांनी आपल्या घरातल्या अशा आजीजवळ बसावे, वस्तूचे नाव, तिचे भाग, तिच्यावरचे बोलणे जसेच्या तसे उतरवावे, आणि सोबत गाव व तालुका न विसरता लिहावा.