कोणता खेळ पाहावा?

चित्रपट महोत्सव म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम येतात त्या नट्या, फुलांचे हार आणि छायाचित्रकारांची झुंबड. पण पदरचे पैसे मोजून आणि रजा टाकून तिथे जाणाऱ्या साध्या प्रेक्षकाची चिंता अगदी निराळी असते. त्याच्या हातात कार्यक्रमपत्रिका असते, खिशात पेन्सिल असते, आणि मनात एकच प्रश्न असतो : एकाच वेळी चार ठिकाणी चार खेळ लागले आहेत, त्यांतला कोणता पाहावा? जत्रेत गेलेल्या माणसाचंही असंच होतं. पाळण्यात बसावं तर कुस्त्या हुकतात, आणि कुस्त्यांना जावं तर तमाशाची बारी हुकते. प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पण श्रोतेहो, या क्षुल्लक प्रश्नालाही इतिहास आहे, आणि कुणी कोणता खेळ निवडला यावरून आपल्याकडे मोठ्या गोष्टी घडून आल्या आहेत.

अगदी आरंभी हा प्रश्न नव्हताच. १९३२ साली ऑगस्टच्या ६ तारखेला व्हेनिसजवळच्या लीदो बेटावर, एक्सेल्सियर हॉटेलच्या गच्चीवर, जगातला पहिला नावाजलेला चित्रपट महोत्सव सुरू झाला. पडदा एक आणि प्रेक्षकांचा मेळावाही एकच. लागेल तो बोलपट पाहायचा, आणि शेवटी आवडीनिवडीचं मत नोंदवायचं. याच व्हेनिसला १९३७ साली आपला प्रभातचा ‘संत तुकाराम’ गेला आणि तिथे त्याची वाखाणणी झाली. पुढे १९४६ साली फ्रान्समध्ये कान येथे महोत्सव सुरू झाला. तिथे पहिल्याच वर्षी अकरा चित्रपटांना मिळून जे सर्वोच्च पारितोषिक दिलं गेलं, त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. म्हणजे आपले चित्रपट बाहेर जाऊन पाहिले जात होते, पण बाहेरचे निवडक चित्रपट एका जागी आणून आपल्याला दाखवण्याची सोय मात्र अजून झालेली नव्हती.

ती झाली १९५२ साली, आणि ती आपल्या मुंबईत. २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी असे नऊ दिवस हा सोहळा चालला. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं तो भरवला होता. अशा तऱ्हेचा आशियातला हा पहिलाच महोत्सव. सुमारे ४० मोठे चित्रपट आणि शंभरेक लघुपट त्यात होते, आणि तेवीस देशांनी भाग घेतला होता. मुंबईनंतर हा सारा लवाजमा मद्रास, दिल्ली आणि कलकत्ता या शहरांत फिरला. दिल्लीत २१ फेब्रुवारीला पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. स्पर्धा नव्हती, पारितोषिकं नव्हती. देशात त्या वेळी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा हंगाम चालू होता, म्हणजे मतपेटीत चिठ्ठी टाकायला शिकणारा माणूसच इकडे तिकिटाच्या रांगेतही उभा होता!

आता जरा हिशेब मांडून पाहू. समजा, कचेरीत नोकरी करणारा एखादा हौशी गृहस्थ आहे. २४ तारखेला गुरुवार होता. शनिवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आणि लगोलग रविवार. या दोन दिवशी त्यानं घरच्यांचा रोष पत्करून चार चार खेळ पाहिले, आणि उरलेल्या सात दिवशी कचेरी सुटल्यावर संध्याकाळचा एक आणि रात्रीचा एक असे दोन दोन पाहिले, तरी एकूण बेरीज होते बावीस. म्हणजे चाळिसांतले अठरा हुकलेच! लघुपटांचं तर नावच घ्यायला नको. शिवाय शेवटची लोकल गाठायची, सकाळी पुन्हा कचेरीत हजर व्हायचं, आणि तिकिटांचा खर्च सोसायचा. बावीस हा आकडा कागदावरच शोभतो. प्रत्यक्षात सहा-सात चित्रपट पदरात पडले तरी पुष्कळ म्हणायचे.

मग हे सहा-सात कोणते? आज आपण एखादा चित्रपट पाहण्याआधी त्याची झलक पाहतो, दहा जणांची मतं वाचतो. १९५२ साली त्यांतलं काहीच हाताशी नव्हतं. देशाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि वर्तमानपत्रातला त्रोटक मजकूर, एवढ्यावर पारख करायची. आपल्याकडचे चार चित्रपट त्यात होते : राज कपूर यांचा ‘आवारा’, शांतारामबापूंचा शाहीर होनाजीवरचा मराठी ‘अमर भूपाळी’, तेलुगू ‘पाताळभैरवी’ आणि बंगाली ‘बाबला’. ‘आवारा’ तर आदल्याच डिसेंबरात प्रदर्शित झाला होता. तो पाहण्यासाठी मुंबईकरानं महोत्सवातली एक संध्याकाळ खर्ची घालावी, यात माझ्या मते काही शहाणपण नव्हतं. जे उद्या कोपऱ्यावरच्या थिएटरात मिळणार आहे ते उद्यावर टाकावं. अर्थात ‘पाताळभैरवी’ची आणि ‘बाबला’ची गोष्ट निराळी. तेलुगू किंवा बंगाली बोलपट मुंबईच्या माणसाला रोज थोडाच भेटतो? आपल्याच देशातलं हे परकेपण त्या नऊ दिवसांत किती जणांनी ओलांडलं असेल, कोण जाणे.

परदेशी चित्रपटांत मोठ्या राष्ट्रांची चढाओढ होती. रशियानं ‘बर्लिनचा पाडाव’ हा रंगीत युद्धपट पाठवला होता. रणगाडे, तोफा आणि मधोमध स्टॅलिनची भव्य मूर्ती, असा त्याचा थाट. अमेरिकेकडून झाँ रन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द रिव्हर’ आला होता. गंमत अशी की, तो चित्रित झाला होता आपल्याच बंगालमध्ये, हुगळीच्या काठी. शिवाय हॉलिवुडचे नामांकित दिग्दर्शक फ्रँक काप्रा जातीनं आले होते. दोन्ही महासत्तांना भारतीय माणसानं आपल्या अंगणात यावं असं वाटत होतं, आणि त्याचा निम्मा वेळ त्या दोन अंगणांतच गेला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती.

पण त्या महोत्सवाचं खरं धन होतं इटलीच्या पेटाऱ्यात. महायुद्धात होरपळून निघालेला हा देश. पैसा नाही, स्टुडिओ धड नाहीत. रोसेलिनींचा ‘रोम, खुलं शहर’ हा १९४५ चा, म्हणजे जर्मनांचा रोमवरचा अंमल उठून वर्ष-दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हाचा. दे सीका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ १९४८ चा. बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचं काम मिळतं, त्यासाठी सायकल लागते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा रोमभर ती सायकल हुडकत हिंडतात. बस्स, एवढीच कथा! बापाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार होता. याच दे सीकांचा आणि झवात्तीनी या त्यांच्या कथालेखकाचा ‘मिरॅकल इन मिलान’ही महोत्सवात होता. त्यात मात्र झोपडपट्टीतले गरीब लोक शेवटी झाडूंवर बसून आकाशात उडून जातात. वास्तवाचे कट्टर पुजारी म्हणून ज्यांचं नाव झालं, त्याच दोघांनी ही परीकथा रचली. ज्यानं या दोहोंपैकी एकच पाहिला त्याला निम्मे दे सीका कळले. कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करताना एकाच हातच्या दोन कृती जोडीनं पाहाव्यात, असं जाणते लोक सांगतात ते याचसाठी.

त्या वेळी मुंबईत बिमल रॉय नुकतेच स्थिरावत होते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सची अवस्था खालावल्यावर ते आपल्या काही साथीदारांना घेऊन इकडे आले होते. त्यांत संकलक हृषीकेश मुखर्जी होते. या मंडळींनी महोत्सवात ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. असं काही आपल्याला का करता येऊ नये हा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला, असं सांगतात. सलील चौधरी यांची एका रिक्षावाल्याची कथा हाताशी होती. हृषीकेशबाबूंनी तिची पटकथा बांधली, आणि १९५३ साली ‘दो बीघा जमीन’ पडद्यावर आला. दोन बिघे जमीन जमीनदाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी बलराज साहनींनी उभा केला. त्यासाठी त्यांनी खरोखरच रस्त्यावर रिक्षा ओढून पाहिली होती. १९५४ साली कानला त्याला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आता विचार करा, त्या संध्याकाळी ही मंडळी ‘बर्लिनचा पाडाव’ पाहायला गेली असती तर? त्यांनी दुसरा काही चित्रपट काढलाच असता म्हणा, पण शंभू महातो काही आपल्याला भेटला नसता.

आणि हेही ध्यानात घ्या की, ‘साइट अँड साउंड’ या इंग्रजी नियतकालिकानं जगभरच्या समीक्षकांचा कौल घेऊन ‘बायसिकल थीव्ज’ला पहिलं स्थान दिलं ते त्याच १९५२ साली, पण महोत्सवानंतर. जानेवारीत मुंबईच्या प्रेक्षकाला ही शिफारस उपलब्ध नव्हती. ज्यांनी निवड केली त्यांनी ती आपल्या जबाबदारीवर केली.

कलकत्त्याचे सत्यजित राय यांची रीत आणखी वेगळी. १९४७ साली मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. १९५० साली नोकरीनिमित्त लंडनला गेले असताना सहा महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट त्यांनी पाहिले. ‘बायसिकल थीव्ज’ त्यांनी तिथेच पाहिला होता. जपानी ‘राशोमोन’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह १९५१ साली मिळाला. तो कलकत्त्यात आला तेव्हा रायबाबूंनी सलग तीन दिवस तोच चित्रपट पाहिला. आपल्यापैकी पुष्कळांना हे उधळेपणाचं वाटेल. तीन तिकिटांत तीन चित्रपट झाले असते! पण १९५२ च्या ऑक्टोबरात या गृहस्थांनी ‘पथेर पांचाली’चं चित्रण सुरू केलं, हे लक्षात घेतलं म्हणजे तिन्ही तिकिटांचे पैसे वसूल झाले असं म्हणावं लागतं.

निवड चुकली म्हणजे काय होतं, याचा दाखला त्याच ‘पथेर पांचाली’च्या नशिबी लिहिलेला होता. १९५६ साली कानला तो दाखवला गेला, पण वेळ अशी की त्याच सुमारास जपानी मंडळींची मेजवानी होती. निवाडा करणाऱ्या पंचांपैकीच कित्येक जण मेजवानीला गेले. ज्यांचं कामच चित्रपट पाहण्याचं, त्यांची ही तऱ्हा! काही जाणत्या समीक्षकांनी आरडाओरडा केला, पुन्हा एक खेळ लावायला लावला, आणि मग त्याला ‘सर्वोत्तम मानवी दस्तऐवज’ म्हणून खास पारितोषिक मिळालं. ते समीक्षक गप्प बसते तर हरिहर रायांचं ते मोडकं घर जगानं केव्हा पाहिलं असतं, सांगता येत नाही. थकलेल्या प्रेक्षकाला फार दोष देण्यातही अर्थ नाही. आंद्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकांनी १९५५ साली एका लेखात कानच्या महोत्सवाची तुलना मठातल्या दिनचर्येशी केली होती. ठरल्या वेळी उठायचं, ठरल्या वेळी अंधारात जाऊन बसायचं, आणि बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा. संन्याशालाही कधी मेजवानीचा मोह होतो.

आपल्याकडे दुसरा महोत्सव भरायला १९६१ साल उजाडलं. मधल्या काळात प्रेक्षकाची थोडी तयारी झाली होती. १९५९ साली ठिकठिकाणच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि रायबाबू त्याचे अध्यक्ष झाले. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. १९६५ साली दिल्लीत तिसरा महोत्सव प्रथमच स्पर्धेसह झाला. मोठमोठ्या देशांच्या चित्रपटांमधून सुवर्णमयूर मिळाला तो शेजारच्या सिलोनच्या ‘गंपेरलिय’ला. लेस्टर जेम्स पीरिस यांचा हा चित्रपट एका खेड्यातल्या घराण्याची पडझड सांगणारा. नुसती देशांची नावं पाहून खुणा करणाऱ्यांच्या पत्रिकेवर तो बहुधा कोराच राहिला असेल.

पुढच्या महोत्सवांत निवडीची एक वेगळीच कसोटी रूढ झाली, तिचा उल्लेख टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. महोत्सवातल्या चित्रपटांना सेन्सॉरची कात्री लागत नसे. ही बातमी फुटल्यावर रांगांमधून कुजबुज सुरू झाली, आणि दिग्दर्शक कोण याची चौकशी करण्याऐवजी ‘त्यात तसलं काही आहे का’ ही चौकशी अधिक होऊ लागली. पण या आशेनं आत शिरलेल्या किती जणांना एखाद्या पोलिश किंवा हंगेरियन दिग्दर्शकाचा संथ, गंभीर चित्रपट दोन तास मुकाट्यानं पाहावा लागला असेल! त्यांतला एखादा तरी पुढच्या वर्षी वेगळ्या कारणासाठी परत आला असेल, अशी माझी भाबडी समजूत आहे.

२००४ सालापासून हा महोत्सव गोव्यात भरतो. पणजीला जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात त्यासाठी नवी चित्रपटगृहं उभी राहिली. अलीकडे तिथे दोनशेच्या आसपास चित्रपट येतात, म्हणजे १९५२ च्या चाळिसांची पाचपट, आणि दिवस मात्र तेवढेच, आठ-नऊ. रांगेऐवजी मोबाइलवर जागा राखून ठेवायच्या असतात. आपल्या हौशी गृहस्थानं आता पूर्ण आठवड्याची रजा घेऊन रोज चार चित्रपट पाहिले, तरी नऊ दिवसांत छत्तीस होतात आणि दीडशेच्या वर हुकतात. खेरीज जुने गाजलेले चित्रपट पुन्हा स्वच्छ करून दाखवण्याचीही प्रथा पडली आहे. ‘हे घरीही पाहता येतील’ म्हणून पुष्कळ जण ते वगळतात, तर काही जण नेमके त्यांच्यासाठीच येतात, कारण मोठ्या पडद्यावर, चारशे माणसांत बसून ते पुन्हा केव्हा भेटणार?

पुण्यातही २००२ सालापासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो आहे. तिथे उत्कृष्ट मराठी चित्रपटाला जे पारितोषिक दिलं जातं त्याचं नाव आहे ‘संत तुकाराम’. तिथेही सकाळी पहिल्या खेळाआधी दारापाशी मंडळी घोळक्यानं उभी असतात, पत्रिकेवर बोट ठेवून एकमेकांना विचारत असतात, ‘काल तुम्ही कोणता पाहिलात? आणि तो दुसरा कसा होता हो?’