ई-मेल सर्व्हर: उदारता किती आणि कोठे?

नियमांत न बसणारा संदेश ई-मेल सर्व्हरने परत पाठवावा, की त्यातील दोष पोटात घालून स्वीकारावा, हा वाद जुना आहे. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे 'एसएमटीपी' हे नियम अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये शब्दबद्ध केले. पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, हे सूत्रही त्यांचेच, १९८० मधले. निरनिराळ्या बनावटीचे संगणक परस्परांशी बोलू लागले, याचे बरेचसे श्रेय या उदारतेला द्यावे लागेल.

तथापि, तिच्यातील एक धोका डिसेंबर २०२३ मध्ये उघड झाला. नियमानुसार प्रत्येक ओळ 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड' या दोन अदृश्य चिन्हांनी संपते, आणि केवळ एक टिंब असलेली ओळ आली की संदेश संपला असे मानतात. युनिक्स प्रणालीत मात्र ओळ फक्त 'लाइन फीड'ने संपते. हा फरक अनेक सर्व्हर वर्षानुवर्षे चालवून घेत होते. 'सेक कन्सल्ट' या ऑस्ट्रियातील संस्थेने दाखवून दिले की, पाठवणाऱ्या सर्व्हरला मजकुराचा भाग वाटणारे टिंब स्वीकारणाऱ्याला समाप्तीची खूण वाटू शकते. मग पुढील मजकूर स्वतंत्र पत्र ठरतो आणि त्यावर त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ग्राहकाचे नाव प्रेषक म्हणून घालता येते. पत्र अधिकृत सर्व्हरकडूनच आल्याने 'एसपीएफ' ही प्रेषकाची पडताळणीही त्याला अडवत नाही. या प्रकारास 'एसएमटीपी स्मगलिंग' असे नाव पडले.

'क्यूमेल' हे सॉफ्टवेअर नुसत्या 'लाइन फीड'चे संदेश १९९० च्या दशकापासूनच नाकारत असे. त्या काळी हा हट्ट वाटावा असाच होता!

वित्से वेनेमा यांच्या 'पोस्टफिक्स'ने काढलेला मार्ग अधिक समंजस वाटतो. २०२४ च्या ३.९ आवृत्तीत समाप्तीची खूण नियमाबरहुकूमच लागते. मजकुरातील सदोष ओळी मात्र दुरुस्त करून घेतल्या जातात. संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यातील यंत्रांना या अटीतून सूट आहे, कारण कार्यालयातील जुना स्कॅनर नवे नियम शिकणार नाही. सर्व सदोष संदेश सरसकट नाकारण्याचा पर्यायही उपलब्ध आहे. आधीच्या काही आवृत्त्यांना ही सोय जानेवारी २०२४ मधील सुधारणांद्वारे मिळाली. परंतु तेथे ती आपोआप लागू होत नाही, सर्व्हरच्या व्यवस्थापकाने ती स्वतः सुरू करावी लागते.