दुरुस्ती की बदल? : जुन्या इंदुरातील सायकलची कथा

इंदूर म्हटले की परगावच्या माणसाला राजवाडा आणि सराफा आठवतो. जुनी इंदूर हा त्याच शहराचा नदीपलीकडचा, वयाने थोरला भाग. राव नंदलाल मंडलोई यांच्या जमीनदारीच्या काळापासूनची ही वस्ती. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली, शहर नदीच्या दुसऱ्या अंगाने वाढत गेले. संस्थानाचा इतिहास दप्तरांत सापडतो. पण आमच्यासारख्या गिरणीवर पोट असलेल्या मराठी घरांचा इतिहास शोधायचा, तर सायकलच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

आज आपण ओळखतो ती, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली पुढे आणली. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला रबरी टायर तयार केला. त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे छोटेसे दुकान काढले. सीमाभागातल्या वाचकांना ही गोष्ट नवी नाही. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवसाय होता. मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाची एक वाट अशी दुरुस्तीच्या दुकानातून निघाली. पुढे ती लोखंडी नांगरापर्यंत गेली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या कामी जागा देणारे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी १९३५ साली आमच्या इंदुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही इंदुरातच भरले होते. दोन्ही भाषा इथे अशा शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. पंक्चर मराठीत ‘काढतात’ आणि हिंदीत ‘बनवतात’, एवढाच काय तो मतभेद!

स्वातंत्र्यापूर्वी सायकल आणि तिचे बहुतेक सुटे भाग विलायतेहून येत. भाग महाग आणि मजुरी स्वस्त, त्यामुळे ‘बदलणे’ हा शब्द उच्चारण्याआधी दहा उपाय करून पाहिले जात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, मलाया जपानच्या हाती गेला आणि रबराची टंचाई झाली. फाटक्या टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, बसवून दिवस काढण्याची युक्ती अशाच टंचाईत कामी येई. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची ॲटलस (१९५१), असनसोलची सेन-रॅले, लुधियानाची हीरो (१९५६) असे कारखाने निघाले. भाग देशात बनू लागले, आवाक्यात आले. पण घराघरांतली ‘अजून चालतंय ना?’ ही सवय तशीच राहिली.

ही सवय सर्वस्वी वाईट नव्हती. चाकातली हवा जाते म्हणून मुले पंक्चरचे पैसे मोजून येतात. खरे तर दोष पुष्कळदा व्हॉल्व्हवरच्या रबरी नळीचा, म्हणजे वॉलट्यूबचा असतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा आला की काम काही पैशांत भागते. पेडल पुढे मारले तरी रिकामेच फिरते, तेव्हा फ्रीव्हील गेलेच असे नव्हे. आतले दोन खटके, ज्यांना आमचा मिस्त्री ‘कुत्ते’ म्हणे, ते जुन्या वंगणाच्या चिकट्याने आत अडकून बसलेले असतात. रॉकेलने धुतले की पुन्हा दाताला धरतात. चाक डुगडुगते तेव्हा आरे कमीजास्त ताणून ‘आऊट’ काढता येतो. अशा ठिकाणी नवा भाग घालणे ही उधळपट्टीच.

मात्र काही भाग असे असतात की ते एकटे झिजत नाहीत, शेजाऱ्यालाही झिजवतात. कोनला खड्डे पडले असताना नुसते छर्रे नवे घातले, तर ते नवे छर्रेही थोड्याच दिवसांत खराब होतात. पेडलची कॉटर पिन सैल झाली आणि ती हातोडीने ठोकून महिनोन् महिने चालवली, की क्रँकचे भोक मोठे होते आणि मधला ॲक्सलही झिजतो. चेनचे सर्वांत वाईट. एका पिनेपासून मोजायला लागले की नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदलावी, दाते वाचतात. एक सूत सरकेपर्यंत थांबले, तर तोवर लांबलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दाते आपल्या मापाने खाल्लेले असतात. मग नवी चेन त्या जुन्या दातांवर बसत नाही. जोर लावला की उसळते.

हे गणित आमच्या घराला १९८३ च्या पावसाळ्यात समजले. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, एका कापड गिरणीत खात्यावर होते. जुन्या इंदुरातून गिरणीपर्यंत रोज सायकल. आमचा मिस्त्री माळव्याचा. दिवाळीआधीच त्याने चेनला पट्टी लावून नानांना सांगितले होते, “भाऊसाहब, अभी चेन बदल लो, दाँते बच जाएँगे.” नाना म्हणाले, “बघू, पुढच्या पगाराला.” पुढच्या पगाराला माझी वह्यापुस्तके आली, मग ताईची फी आली. जूनमध्ये चेन तुटायला आली तेव्हा नानांनी नवी घेतली; पण फ्रीव्हील चेनपेक्षा महाग, म्हणून जुनेच ठेवले. मिस्त्री नको म्हणत होता. नानांनी ऐकले नाही.

चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर, भोंगा चुकेल म्हणून नाना उभे राहून पेडल मारत होते. चेन उसळली, पाय रिकामा गेला आणि ते हँडलवरून खाली आले. मनगट मोडले. पाच आठवडे प्लॅस्टर, आणि तेवढे दिवस पगार नाही. एका फ्रीव्हीलच्या पैशांसाठी महिन्याचे धान्य उधारीवर आणावे लागले. त्या दिवसांत मिस्त्रीने आपल्या मनाने सायकलला नवे फ्रीव्हील बसवले आणि ती आमच्या ओट्यावर आणून ठेवली. पैशांचे विचारले तर म्हणाला, “पहले हाथ ठीक होने दो.” नानांनी पुढे तीन हप्त्यांत पैसे फेडले. तो एवढेच म्हणत असे, “जो पुर्जा पड़ोसी को खाए, उसको पहले बदलो.”

पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा हे वाक्य मला वारंवार आठवले. देशभरातल्या जुन्या कापड गिरण्या का बसल्या याची अनेक कारणे दिली जातात. यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धागा, धोरणे, संप. आणि त्यांतच एक कारण असते, यंत्रे वेळेवर न बदलल्याचे. जुन्या मागांवर ‘अजून चालतंय’ म्हणत वर्षे काढली गेली. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. तिच्या कामगारांच्या थकीत रकमेचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडले. मधली ३२ वर्षे ज्यांना पाहता आली नाहीत, अशी माणसे थोडी नव्हती. आमच्या घरी फ्रीव्हील टाळले ते गरिबीने. पण ज्यांच्या हाती नवी यंत्रे घेण्याचे बळ होते, त्यांनी टाळले त्याचा चटका बसला तो सायकलवरून येणाऱ्यांनाच.

आता काळ उलटा झाला आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. माझ्या शाळेच्या सायकल स्टँडमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली मी मागच्या वर्षी मोजून पाहिल्या, तर निम्म्यांना फक्त वॉलट्यूब किंवा तेल हवे होते. वडील पिढी बदलायला हवे तेव्हा दुरुस्त करत बसली. ही पिढी दुरुस्त करता येईल तेही टाकून देते. चूक दोन्हीकडे एकच, भाग हातात घेऊन कोणी पाहत नाही.

म्हणून नववीच्या मुलांना शनिवारी शेवटच्या तासाला मी स्टँडमध्ये नेतो. हातात फूटपट्टी देतो आणि चोवीस पिना मोजायला लावतो. नानांची ती सायकल आजही आमच्या ओसरीत आहे. गेल्या महिन्यात तिची चेन मोजली. अर्धा सूत भरली. दुसऱ्याच दिवशी नवी आणली.