तलाव राखायचे कोणी?
गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात पाऊस भरपूर पडतो, तरी सप्टेंबरात एक पाणी चुकले की धान हातचे जाते. हीच अडचण ओळखून गोंड राजवटीत पूर्व विदर्भात, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, हजारो तलाव उभे राहिले. वर पाणलोटाचे जंगल, उतारावर मातीची पाळ, खाली धानाच्या बांध्या. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी पुढच्या तलावात. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मग गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. माझ्या मते नुकसान मालक बदलल्याने झाले नाही. राखणदारी कोणाचीच उरली नाही म्हणून झाले.

कोणी म्हणेल, मालगुजारी म्हणजे वेठबिगारी, तिचे गोडवे कशाला? आक्षेप रास्त आहे. ती व्यवस्था परत नकोच. पण तिची जागा ग्रामसभा घेऊ शकते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवले. 2009 मध्ये त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पाणलोट तर जंगलातच सुरू होतो. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर मासेमारांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तसे देशी मासेही परतू लागले. यंत्रे आणि पैसा सरकारकडूनच यावा लागेल, हे खरेच. म्हणून तो जरूर यावा. पण गाळ कधी काढायचा, मासळी कोणाची, पाणी आधी कोणाच्या बांधीला, हे ठरवण्याचा अधिकार मुलचेऱ्याच्या ग्रामसभांना लेखी मिळाला पाहिजे.