बोनान्झा क्रीकवरचे सव्वासात तास

21 ऑक्टोबर 2021, गुरुवार. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातले सांता फे शहर आणि त्याजवळचे बोनान्झा क्रीक रँच. 'रस्ट' या काउबॉयपटाचे चित्रीकरण इथे चालू होते. बजेट सुमारे 70 लाख डॉलरचे, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने तुटपुंजे. प्रमुख भूमिकेत अलेक बॉल्डविन, आणि निर्मात्यांमध्येही त्यांचे नाव.

पाच दिवस आधी

हा घटनाक्रम खरे तर शनिवार, 16 ऑक्टोबरपासून मांडायला हवा. त्या दिवशी सेटवर दोनदा नको तेव्हा बार उडाला. काडतुसे ब्लँक, म्हणजे बिनगोळीची होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. अशा वेळी काम थांबवून, सगळी हत्यारे रिकामी करून, कोणाच्या हातून काय झाले ते विचारायचे असते. ते झाले नाही आणि शूटिंग पुढे सरकले. मला विचाराल तर गुन्ह्याची सुरुवात इथे आहे.

सकाळी 6:30

कॅमेरा विभागातले सहा-सात जण सेटवर आले ते आपले सामान उचलायला. कामाचे लांबलेले तास, राहण्याची सोय दूर अल्बुकर्कीला आणि बंदुकांबाबतची बेफिकिरी, या त्यांच्या तक्रारी. एकाने तर आदल्या संध्याकाळीच सुरक्षेचे कारण लिहून राजीनामा दिला होता. ते गेले. घाईने दुसरी माणसे आणली. कॅमेरा एकच उरला आणि दिवस उशिराने सुरू झाला. वेळापत्रक होते अवघ्या 21 दिवसांचे. मागे पडलेला प्रत्येक तास भरून काढायची घाई सगळ्यांच्याच डोक्यावर बसली.

शस्त्रांची जबाबदारी हॅना गुटिरेझ-रीड या 24 वर्षांच्या मुलीकडे होती. सेटवर या कामाला आर्मरर म्हणतात. पण तिला ठरावीक दिवसच शस्त्रांच्या कामाचे, बाकीचे दिवस प्रॉप्सच्या मदतनिसाचे. बंदुका असलेल्या सेटवर एकच माणूस दोन कामांत वाटून टाकायचा, हा निर्णय तिने घेतलेला नव्हता.

दुपारी 12:30

जेवणाची सुट्टी. बंदुका प्रॉप्सच्या ट्रकमधल्या तिजोरीत ठेवल्या. काडतुसे मात्र गाड्यावर उघडीच राहिली.

इथे जरा थांबू. खोटे काडतूस आणि जिवंत काडतूस दिसायला सारखेच: तेच पितळ, पुढे तेच शिसे. खोट्यात दारू नसते, तिच्या जागी बारीक छर्रा घातलेला असतो. कानाशी धरून हलवले की खुळखुळ वाजते. काही खोट्या काडतुसांच्या अंगाला भोक पाडलेले असते. रिव्हॉल्व्हरची सहाही काडतुसे एकेक काढून, वाजवून परत भरायला कितीसा वेळ लागतो? एखादे मिनिट. चित्रपटसृष्टीचा लिखित नियम तर त्याहून सरळ आहे: जिवंत काडतूस सेटवर आणायचेच नाही. 'रस्ट'च्या सेटवरून पोलिसांनी पुढे सुमारे 500 काडतुसे गोळा केली. त्यांत जिवंत निघाली पाच. सहावे तोवर उडाले होते.

जेवणानंतर

लाकडी चर्चच्या आत दृश्याची तयारी. बॉल्डविन बाकावर बसून उलट्या बाजूच्या म्यानातून .45 कोल्ट काडतुसाची रिव्हॉल्व्हर उपसण्याचा सराव करणार होते. अजून कॅमेरा चालू नव्हता. रिव्हॉल्व्हर त्यांच्या हाती नेमकी कोणी दिली, यावर जबान्या कधी जुळल्या नाहीत. पण 'कोल्ड गन' असा पुकारा झाला, म्हणजे धोका नाही. पहिले सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी सगळी काडतुसे तपासली नव्हती. आपण हलगर्जी केली, हे त्यांनी पुढे न्यायालयात कबूल केले.

1:46 च्या आसपास

बार उडाला. गोळी सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स यांच्या छातीतून पार होऊन मागे उभ्या दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली. आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला 1:46 ला. इकडे चंद्रपुरात तेव्हा मध्यरात्र उलटून 1:16 झाले होते. युक्रेनमध्ये जन्मलेल्या, 42 वर्षांच्या हलिना यांना हेलिकॉप्टरने अल्बुकर्कीच्या रुग्णालयात नेले. त्या वाचल्या नाहीत. सूझा बचावले.

मग दोषी कोण?

हॉल्स यांनी सरकारी पक्षाशी सौदा केला: सहा महिन्यांचे प्रोबेशन. निर्मिती कंपनीला सुरक्षा नियम मोडल्याबद्दल 1,36,793 डॉलर दंड झाला, तो तडजोडीत एक लाखावर आला. हॅनाला 6 मार्च 2024 रोजी ज्यूरीने अनैच्छिक मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. शिक्षा 18 महिने. जिवंत काडतुसे तिच्याच सामानातून सेटवर आली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. आपण चाप ओढलाच नाही, असे बॉल्डविन सांगत राहिले. सरकारी पक्षाने पुरावा दडवल्याचे उघड झाल्यावर 12 जुलै 2024 रोजी त्यांचा खटला कायमचा रद्द झाला.

तुरुंगात गेली ती एकटी हॅना. तिची चूक मोठी होती, यात शंका नाही. पण तिला दोन कामांत वाटणारे दंड भरून सुटले, हे मला पटत नाही.

हेच आज गडचिरोलीच्या जंगलातल्या शूटिंगवर घडले तर? भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1) लागते: निष्काळजीपणाने मृत्यू, कमाल पाच वर्षे. जुन्या दंड संहितेच्या 304-अ मध्ये दोनच वर्षे होती. अपघात म्हणून सुटायचे तर कलम 18 प्रमाणे कृत्य कायदेशीर असून योग्य काळजीने केलेले असावे लागते. 'बंदूक रिकामी आहे असे मला सांगितले' एवढ्याने काळजी घेतल्याचे सिद्ध व्हावे का? माझ्या मते नाही.

वरच्यांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे अधिक अवघड आहे. कुरबान हुसेन रंगवाला खटला मुंबईतल्या रंगाच्या कारखान्यातील आगीचा. सात कामगार त्यात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मृत्यू आरोपीच्या निष्काळजीपणाचा थेट परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्याचा निष्काळजीपणा आलेला नसावा. व्यवस्थापक 304-अ मधून सुटला. आगीबाबतच्या हयगयीची कलम 285 खालची शिक्षा तेवढी राहिली. हीच कसोटी लावली तर सेटवर शेवटचा हात अडकतो आणि घाई लादणारा बहुधा बाहेर राहतो. 16 ऑक्टोबरला काम न थांबवणाऱ्यालाही 106 खाली उत्तर द्यायला लावणारी तरतूद आपल्या कायद्यात यायला हवी.

तोवर वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाट्यमंडळांना, ताडोब्याच्या आसपास लघुपट करणाऱ्या पोरांना आणि त्यांना पैसे देणाऱ्या निर्मात्यांना विनंती आहे. दृश्यात बंदूक लागत असेल तर रबराची किंवा लाकडाची वापरा, बाराचा आवाज ध्वनियंत्रावरून द्या. कोणाच्या घरची परवान्याची बंदूक उसनी आणू नका. आणि हातात आलेली वस्तू, कोणी काहीही सांगो, समोरच्या माणसावर रोखण्याआधी स्वतः उघडून बघा.