निळा रंग

१९७४ साली मी मेडिसिन वॉर्डात रुजू झाले, तेव्हा साखर आम्ही डोळ्यांनी मोजायचो. परीक्षानळीत ५ मिली बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब आणि खाली स्पिरिटचा दिवा. नळीचं तोंड भिंतीकडे, नाहीतर उकळी थेट अंगावर. निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल. चार्टवर रंगच लिहायचा, आणि रंग बघून इन्सुलिनचे युनिट ठरायचे.

ही परीक्षा इन्सुलिनपेक्षा जुनी. टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग १९२१ चे. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी नळी लाल झाली तरी हातात होतं ते फक्त पथ्य.

आमच्या हातात मिलीला ४० युनिटची बाटली होती. काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुई दगडावर घासायची. साधं इन्सुलिन पाण्यासारखं, बराच वेळ पुरणारं दुधाळ. दुधाळ बाटली खळखळवायची नाही, तळहातांत घोळवायची. दोन्ही एकत्र द्यायची तर आधी साधं ओढायचं, मग दुधाळ. हे सगळं पुस्तकापेक्षा सीनियर सिस्टरांच्या हातांकडे बघून शिकलो.

एका पहाटे एका आजोबांची नळी निळीशार निघाली. मी खुशीत चार्ट भरला. थोड्या वेळाने बघते तो आजोबा घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. शिरेतून ग्लुकोज गेलं, तसे डोळे उघडून त्यांनी चहा मागितला, तोही गोड! इन्चार्ज सिस्टर एवढंच म्हणाल्या, "निळा बघितलास, कपाळाला हात लावलास का?"

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते. म्हणजे १५० असो की ४०, नळी निळीच. शिवाय पहाटेची लघवी रात्रीची हकीकत सांगते, आत्ताची नाही. तेव्हापासून आधी कपाळ, मग नळी.

अमेरिकेत ग्लुकोमीटर १९७० च्या सुमारास निघाला. आमच्या वॉर्डात आला तेव्हा माझे केस पिकले होते. बोटाला टोचलं की आकडा समोर. दिवा विझला, त्याचं दुःख नाही.

निवृत्तीच्या दिवशी नव्या मुलीला चार्ज देत होते. मशीनवर २१० आले, तिने सिरिंज भरली.

"जेवणाची गाडी आली का गं?" मी विचारलं.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवून ती व्हरांड्यात बघायला गेली.