पगारासाठी लढणारे : खानदेशातील अरब शिबंदी

मध्ययुगीन युद्धनीतीवर आधारलेल्या संगणकीय खेळांत भाडोत्री सैनिकांच्या टोळीचे नायकत्व खेळाडूकडे देण्याची पद्धत आता रुळली आहे. तुर्कस्तानातील टेलवर्ल्ड्स कंपनीचा ‘माउंट अँड ब्लेड’ हा खेळ २००८ साली आला, तर जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे तयार झालेला ‘बॅटल ब्रदर्स’ २०१७ साली. या दुसऱ्या खेळात टोळीतील प्रत्येक शिपायाचा रोजचा पगार ठरलेला असतो. तिजोरी रिकामी झाली की माणसे कुरकुरतात आणि मग सोडून जातात. खेळाडूला हा डाव कल्पनेतला वाटतो; पण जळगाव, धुळे या परिसराने दोनशे वर्षांपूर्वी तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. फरक इतकाच, की येथील पगार थकलेले शिपाई सोडून गेले नाहीत. ते किल्ल्यातच बसून राहिले.

मराठी राज्यात परमुलखातील पगारी शिपाई उत्तर पेशवाईत मोठ्या संख्येने दिसू लागतात. गारदी, रोहिले, सिंधी, पठाण आणि अरब हे त्यांतील प्रमुख. त्यांची निष्ठा गादीशी नसून पगाराशी असे, आणि पगार तर नेहमीच थकलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी थकलेल्या पगाराची मागणी करीतच आत शिरले होते. (पेंढाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना पगारच नसे, लूट हेच वेतन.)

अरबी द्वीपकल्पातून आलेल्या अरबांचा लौकिक तटामागून लढणारे चिवट शिपाई असा होता. त्यामुळे किल्ल्यांच्या शिबंदीत त्यांना मोठी मागणी असे. खानदेशात १८०२-०३ नंतर, होळकर-शिंदे संघर्षात मुलूख उद्ध्वस्त झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. वसूल येईना, पगार निघेना. अशा वेळी किल्ला ताब्यात असलेला अरब जमादार हाच धन्याचा सावकार होऊन बसला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने तर खानदेशात अरबांनी सत्ता जवळजवळ बळकावलीच होती, असे नमूद केले आहे.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन त्यांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना दिला. तहनामा वरच्यावर झाला, तरी किल्ल्यांतील माणसांचा हिशेब कोणी मिटवला नव्हता. सर टॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याहून उतरून २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेरला आली. फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी आज शिरपूर तालुक्यात आहे.

‘प्रतिकार केल्यास बंडखोर समजू’ असा निरोप हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम यास धाडला होता. तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रज शिपाई एकामागून एक दरवाजे ओलांडून आत शिरले. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीनही झाला. पुढील दरवाज्यापाशी आतल्या अरबांशी शरणागतीची बोलणी सुरू झाली. परंतु एकमेकांची भाषा धड कोणालाच कळत नव्हती. दिंडीतून आत गेलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांवर अरबांनी वार केले. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले, लेफ्टनंट कर्नल मरे जखमी झाला. चवताळलेल्या फौजेने मग आतील सुमारे तीनशे माणसांची कत्तल केली. किल्लेदाराला फाशी देण्यात आले.

जो आधीच स्वाधीन झाला होता, त्याला मागाहून घडलेल्या कृत्याबद्दल फाशी का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर हिस्लॉपला कधीच देता आले नाही, असे आमचे मत आहे. १८१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्याच्या आभाराचा ठराव केला, तो थाळनेरचे प्रकरण वगळूनच.

मालेगावचा शेवट मात्र वेगळा झाला. नारोशंकर राजेबहाद्दरांनी मोसम नदीकाठी बांधलेला हा भुईकोट आज नाशिक जिल्ह्यात असला, तरी त्या काळी तो मुलूख खानदेशातच गणला जाई. किल्ल्याचे धनी गोपाळराव राजेबहाद्दर स्वतःच्याच अरबांचे कैदी होऊन बसले होते. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलने मे १८१८ च्या मध्यास वेढा घातला. महिनाअखेरीचा हल्ला फसला, नवी कुमक मागवावी लागली. अखेर ११ जूनला किल्ल्यातील दारूखाना उडाला आणि दोनच दिवसांत शिबंदी शरण आली.

शरणागतीच्या अटींचा कागद मराठीत लिहिला गेला होता व त्यातील मजकूर संदिग्ध होता. अरबांना कैदेत ठेवावे की सोडावे, यावर वाद झाला. एल्फिन्स्टनने अरबांना अनुकूल असाच अर्थ ग्राह्य धरून त्यांना मुक्त केले. थाळनेरला भाषा न कळल्याने तीनशे जीव गेले; मालेगावी त्याच भाषेच्या घोटाळ्याने जीव वाचले. खेळांतील टोळीनायकाला ही अडचण कधी येत नाही. तेथे सारे शिपाई एकच भाषा बोलतात.

बोरी नदीकाठच्या अमळनेरच्या अरबांनीही त्याच वर्षी शस्त्रे खाली ठेवली. खानदेशचा पहिला कलेक्टर जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे केले. परमुलखातील शिबंदी गेली, तरी पगारी शिपायाची गरज संपली नव्हती. १८२५ साली जेम्स आउट्रमने आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, ती याच मुलखातील माणसांची. ज्यांच्यावर चढाया करून सरकार थकले होते, त्याच भिल्लांना आता सरकारी पगार सुरू झाला.